गायिका आभासी, आवाज मात्र माणसाचा. जपानची 'व्होकॅलॉइड' गाणी वसई-विरारला काय सांगतात?

विरार ते चर्चगेट हा लोकलचा प्रवास सुमारे ६० किलोमीटरचा. एवढ्या वेळात वीसेक गाणी सहज ऐकून होतात. अ‍ॅनिमे पाहणाऱ्या तरुणांच्या प्लेलिस्टमध्ये त्यातले एखादे गाणे हत्सुने मिकूचे असते. वय कायम १६, उंची १५८ सेंटिमीटर, निळसर हिरव्या केसांच्या दोन लांब शेपट्या. ही गायिका कधी जन्मलीच नाही, तरी तिच्या मैफलींची तिकिटे विकली जातात.

घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. मशीनने गायलेले गाणे ऐकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा समज अर्धवट आहे.

व्होकॅलॉइड म्हणजे नेमके काय?

व्होकॅलॉइड हे जपानच्या यामाहा कंपनीचे सॉफ्टवेअर. त्यामागचे संशोधन बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठासोबत झाले आणि पहिले आवाज २००४ मध्ये बाजारात आले.

आधी खरा गायक किंवा कलाकार स्टुडिओत बसून भाषेतले स्वर, व्यंजने आणि एका ध्वनीतून दुसऱ्यात जातानाचे जोड रेकॉर्ड करतो. या तुकड्यांच्या साठ्याला आवाजाची बँक म्हणतात. गाणे करणारा कॉम्प्युटरवर सूर मांडतो आणि प्रत्येक सुराखाली अक्षर लिहितो. मग सॉफ्टवेअर तुकडे जोडून ते गाते.

मिकूचा आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीने दिला. साप्पोरो शहरातल्या क्रिप्टन फ्युचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी तो बाजारात आणला. म्हणजे शब्द माणसाचे, चाल माणसाची आणि मूळ आवाजही माणसाचाच. तोही विचारून घेतलेला.

सुरुवात कुठून करायची?

यूट्यूबवर हजारो गाणी आहेत. नव्या श्रोत्याने या पाचपासून सुरुवात करावी.

१. मेल्ट (२००७): संगीतकार ऱ्यो. एका छत्रीखालची कोवळी प्रेमकथा. वसईच्या पावसात ऐकायला योग्य. मिकू ही करामत नसून गायिका आहे, हे या गाण्याने अनेकांना पटवले.

२. जस्ट बी फ्रेंड्स (२००९): संगीतकार डिक्सी फ्लॅटलाइन, आवाज मेगुरिने लुका. नाते संपतानाचे शांत गाणे. मिकूचा आवाज ज्यांना फार बारीक वाटतो, त्यांनी इथून सुरू करावे.

३. रोलिंग गर्ल (२०१०): संगीतकार वोवाका. वेगवान पियानो आणि पुन्हा पुन्हा पडून उठणारी मुलगी. वोवाका २०१९ मध्ये गेले, गाणे आजही ऐकले जाते.

४. सेन्बोनझाकुरा (२०११): संगीतकार कुरोउसा-पी. जुन्या जपानी वाद्यांचा बाज आणि रॉक यांचा मेळ. २०१६ मध्ये त्यावर आधारित काबुकी नाट्यप्रयोगही झाला.

५. मेस्मरायझर (२०२४): संगीतकार सात्सुकी. मिकू आणि कासाने टेटो यांचे युगुलगीत. चाल खेळकर, आशय अस्वस्थ करणारा.

या यादीत एकाही बड्या फिल्मी बॅनरचे नाव नाही. बहुतेक गाणी घरच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या तरुणांनी इंटरनेटवर टाकली. जपानचा आजचा आघाडीचा गायक केन्शी योनेझू आधी 'हाची' या नावाने अशीच गाणी करत होता. गायक परवडत नाही म्हणून चाल वहीत पडून राहिली, अशी वेळ या पिढीवर आली नाही.

मग वाद कशाचा?

वाद मशीनचा नाही, संमतीचा आहे. आजची एआय साधने कुणाच्याही गाण्यांच्या रेकॉर्डिंगवरून त्याच्या आवाजाची नक्कल करू शकतात, त्याला न विचारता.

हा प्रश्न आपल्या दारात आलाच आहे. अरिजित सिंग यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन परवानगीशिवाय त्यांचा आवाज एआयने वापरण्यास मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण मिळाले. दुसरीकडे ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन.

तंत्र जवळपास तेच, पण एका ठिकाणी चोरी होते आणि दुसऱ्या ठिकाणी करार. क्रिप्टनने तर २०१२ मध्ये मिकूचे चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली बिगर-व्यावसायिक वापरासाठी खुले केले. नियम स्पष्ट असल्यामुळेच चाहते निर्धास्तपणे चित्रे काढू शकले, व्हिडिओ करू शकले.

अडचण एवढीच की कोर्टात जाण्याची ताकद नामवंतांकडे असते. लग्नात गाणाऱ्या आजीकडे नसते.

वसईने यातून काय घ्यावे?

वसईच्या पट्ट्यात सामवेदी म्हणजेच कादोडी आणि वाडवळी या बोली आहेत. त्यातली लग्नाची गाणी बायकांच्या तोंडी राहिली आहेत. व्होकॅलॉइडचे आवाज जपानी, इंग्रजी, कोरियन, चिनी, स्पॅनिश अशा भाषांत आले. मराठी त्यात नाही, मग कादोडी कुठून असणार?

पण मोठ्या कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. जपानमध्ये २००८ मध्ये आलेल्या युटाऊ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कुणीही स्वतःच्या आवाजाची बँक करू शकतो. वरच्या यादीतली कासाने टेटो तिथलीच. २००८ च्या एप्रिल फूलची थट्टा म्हणून काही हौशी लोकांनी तिला घडवले आणि २०२३ मध्ये तिचा व्यावसायिक आवाजही निघाला.

कॉलेजातल्या मुलांना हे जमण्यासारखे आहे. 'ळ' कसा गायचा, 'चाक'मधला 'च' आणि 'चित्र'मधला 'च' वेगळे कसे ठेवायचे, हे जपानी इंजिनीअर सांगणार नाही. ते इथल्याच माणसाला ठरवावे लागेल.

कृत्रिम आवाजाने आजीची जागा घ्यावी, असे याचा अर्थ नाही. ज्या मुलाला बोली कळते पण गळा नाही, त्याला नवे गाणे करता यावे, एवढाच याचा उपयोग.

त्याआधीचे काम अगदी साधे आहे. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि गाणे कोणत्या विधीचे ते नोंदवा. हे रेकॉर्डिंग कुठे वापरले जाणार, ते तिला तिच्या बोलीत समजावून सांगा आणि तिचा होकार लिहून घ्या. ती नाही म्हणाली, तर तिथेच थांबा. पुढे त्या गाण्यातून पैसे मिळाले, तर तिचा वाटा किती, हेही आधीच ठरवा. साकी फुजिताला जे विचारले गेले, ते होळी, निर्मळ किंवा आगाशीच्या आजीलाही विचारले गेलेच पाहिजे.