गळाचे टोक

अमेरिकेच्या पश्चिम भागातील ओरेगॉन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत उगम पावणारी नॉर्थ अम्पक्वा नावाची नदी आहे. तिच्या थंड व स्वच्छ पाण्यात स्टीलहेड जातीचा मासा येतो. हा मासा नदीत जन्मतो, पॅसिफिक महासागरात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीकडे परततो. त्याचा जवळचा आप्त असलेला पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरण पावतो. स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात आणि दुसऱ्या खेपेसही नदीत येतात.

या माशाच्या रक्षणासाठी गेली अनेक दशके जे लोक झटत आहेत, त्यांतील पुष्कळसे मूळचे त्याच्यावरच गळ टाकणारे हौशी मासेमार होत. हे वाचून अनेकांच्या कपाळावर आठी उमटेल. गळ आणि जीवदया यांचा मेळ बसावा तरी कसा? शंका रास्त आहे आणि तिचे सोपे उत्तर नाही. पकडून सोडून दिलेला मासाही थकतो, जखमी होतो. काही मासे दगावतातही. तरीदेखील या माणसांची वाटचाल जाणून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात एकेक गोष्ट क्रमाक्रमाने सोडत जाणे आहे.

फ्रँक मूर हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत लढलेले सैनिक. युद्धानंतर त्यांनी व त्यांच्या पत्नी जीन यांनी नॉर्थ अम्पक्वाच्या काठी, स्टीमबोट या ठिकाणी पथिकाश्रम चालवला. तेथे येणारे पाहुणे प्रामुख्याने गळ टाकण्याच्या हौसेने येत. नदी जितकी संपन्न, तितका आश्रमाचा धंदा चालणार, हे उघड होते. साठच्या दशकात त्या परिसरात वृक्षतोड वाढली. ओढ्यांच्या अगदी काठापर्यंतची झाडे तोडली गेली. सावली गेल्याने पाणी तापू लागले आणि ज्या खडीत मासा अंडी घालतो, तीत गाळ साचू लागला. तक्रार करण्यापुरते न थांबता मूर यांनी दोन चित्रपटकारांना हे ओढे प्रत्यक्ष दाखवले. त्यातून ‘पास क्रीक’ नावाचा छोटा माहितीपट तयार झाला. १९६६ साली ‘स्टीमबोटर्स’ ही गळ टाकणाऱ्यांची संघटनाही नदीच्या रक्षणासाठी उभी राहिली. १९७१ मध्ये ओरेगॉनने वृक्षतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्यासाठी जनमत घडवण्यात या माहितीपटाचा वाटा मानला जातो. पुढे २०१९ साली अमेरिकी संसदेने स्टीमबोट ओढ्याच्या खोऱ्यातील सुमारे १ लाख एकर वनभूमी या माशासाठी विशेष क्षेत्र म्हणून राखून ठेवली आणि तिला मूर दांपत्याचे नाव दिले. फ्रँक मूर २०२२ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी निवर्तले.

याच स्टीमबोट ओढ्यात गळ टाकण्यास १९३२ पासून बंदी आहे. उन्हाळ्यात नदीत शिरलेले शेकडो स्टीलहेड तेथील एका गार डोहात महिनोन्‌महिने थांबतात आणि अंडी घालण्याच्या काळाची वाट पाहतात. एकाच जागी इतके मासे गोळा झालेले पाहून चोरटे शिकारी तेथे सुरुंग लावत. त्यावरून त्या डोहाला ‘डायनामाइटचा डोह’ असेच नाव पडले होते. ली स्पेन्सर नावाचे पुरातत्त्वज्ञ आपल्या कुत्रीसह या डोहाच्या काठी राहू लागले. उन्हाळा सुरू झाला की ते येत आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पहारा देत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते माशांची माहिती सांगत आणि दिवसभरात जे दिसेल ते वहीत टिपून ठेवत. चौदा हंगामांच्या या नोंदींतून त्यांचे पुस्तक तयार झाले. स्पेन्सर स्वतः गळ टाकणारे होते. पण डोहातील मासे पाहता पाहता त्यांनी आपल्या गळाचे टोकच कापून टाकले. पिसांची कृत्रिम माशी ते पाण्यावर सोडत. मासा वर येऊन तिला स्पर्श करी आणि निघून जाई. तेवढ्यावर त्यांचे समाधान होई.

एवढे होऊनही संकट टळलेले नाही. विंचेस्टर येथील बंधाऱ्यावर १९४६ पासून परतणाऱ्या माशांची मोजणी होते. २०२० च्या वणव्यात नदीकाठचे मोठे अरण्य जळाले. २०२१ च्या उन्हाळ्यात तर परतलेल्या माशांची संख्या इतकी घसरली की, राज्याच्या मत्स्यविभागाने ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेर गळ टाकणे बंद केले. पुढील वर्षी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले उन्हाळी स्टीलहेड या नदीत न सोडण्याचा निर्णय झाला. येथे गळ टाकणाऱ्यांमध्येच दोन तट पडले. केंद्रातील मासे सोडले की हंगाम भरलेला दिसतो, म्हणून एका तटाला ते हवे होते. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, उसन्या भांडवलाने दुकान भरलेले दिसते खरे, पण मुद्दल झिजत जाते. असे मासे रानटी माशांशी अन्नासाठी व जागेसाठी स्पर्धा करतात, आणि दोहोंच्या संकरातून होणारी संतती निसर्गात कमी टिकते. हा वाद पुढे न्यायालयातही गेला.

या दुसऱ्या तटातील लोकांनी रिकामा हंगामही मान्य केला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आधी त्यांनी मासा घरी नेणे सोडले, मग गळाचा उलटा काटा काढला. पाणी तापले की त्या दिवशी गळ टाकायचा नाही, अशी शिस्त अनेकांनी आपणहून पत्करली. स्पेन्सर यांच्यासारख्याने तर टोकही काढून टाकले. श्रावकाच्या जीवनात परिमाण ठरवून घेण्याला जे स्थान आहे, त्याच्याशी परिचित असलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. गळ हाती धरणेच ज्यांना मान्य नाही, त्यांचा आक्षेप यामुळे मिटणार नाही, आणि तो मिटावाही का? परंतु ज्या वस्तूपासून आनंद किंवा मिळकत मिळते, तिच्यासाठी आपण आपल्या सवयींतील काय कमी करावयास तयार आहोत, हा प्रश्न नदीकाठच्या मासेमाराइतकाच पेढीवर बसणाऱ्यालाही लागू आहे.