गर्दी ओसरल्यावरची खाडी

डिसेंबरची गर्दी ओसरली की कोकणातल्या खाड्या पुन्हा निवांत होतात. फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, मित्राच्या होडीतून आम्ही भरती लागताच दाभोळहून वाशिष्ठी नदीत शिरलो. मागे अंजनवेलचा गोपाळगड, पुढे गोवळकोट. वाटेत इंजिन बंद केले, तेव्हा कांदळवनाच्या मुळांत चुबुकचुबुक वाजणारे पाणी ऐकू आले. ओल्या चिखलावर एक मगर जबडा उघडून ऊन खात पडली होती. २०१६च्या कायद्याने दाभोळ खाडी आणि वाशिष्ठीचा हा ४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. त्याची राखण मात्र आपल्याच हाती आहे. तुम्हीही जरूर जा. भरती-ओहोटीच्या वेळा पाहा, लाइफ जॅकेट घाला, मगरींपासून लांब राहा आणि आपला कचरा परत घेऊन या.