भूसंपादन म्हणजे जमिनीचं एडिटिंग?

डहाणू-तलासरीतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, मुंबई-वडोदरा महामार्गही जातो. अशा कामांना जमीन लागते आणि जमीन घेण्याआधी गावात कागद येतो. त्यावर शब्द असतात: अधिसूचना, भूसंपादन, पूर्वसंमती.

खरं सांगा, ‘अधिसूचना’चा अर्थ तुम्हाला कसा कळला? उपसर्ग आणि धातू सोडवून? नाही. कुणीतरी ‘अरे, नोटिफिकेशन’ म्हणालं तेव्हा. भूसंपादनाचंही तेच. ‘लँड ॲक्विझिशन’ माहीत नसेल, तर संपादन म्हणजे पेपरचा संपादक करतो ते. मग हे काय, जमिनीचं एडिटिंग? आपल्याला हसू येतं. ज्याची जमीन आहे त्याला येत नाही.

कचेरीतलं हे संस्कृत म्हणजे सोवळं नेसलेलं इंग्रजी आहे. आधी इंग्रजी कायदा, मग त्याच्या मापाने बेतलेला शब्द. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला हे ‘मराठी’ही कळत नाही.

शब्द नुसता अवघड असता तर सवयीने भागलं असतं. सावरकरांचा ‘महापौर’ रुळलाच की! पण इथे शब्द बाजू घेतो. संपादन म्हणजे मिळवणं. मिळवतं सरकार. ज्याची जमीन असते तो म्हणतो, ‘जमीन गेली.’ कागदावर त्याचा शब्द कुठेच नसतो.

आणि अर्थ न कळण्याची किंमत मोठी आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 चा पेसा कायदा सांगतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा. 2013 चा भूसंपादन कायदा त्याखालच्या संपादनासाठी अशा क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती मागतो. सल्लामसलत म्हणजे तुम्हाला विचारलं. संमती म्हणजे तुम्ही ‘हो’ म्हणालात. ‘नाही’ म्हणायची ताकद या फरकात आहे. तो फरक कळला नाही, तर हजेरीची सही आणि होकाराची सही सारखीच वाटते.

कुणी म्हणेल, हा संस्कृतचा द्वेष आहे. अजिबात नाही. 1945 साली तलासरीजवळच्या झरीत वारली जमले, गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या, आणि वेठीविरुद्धचा लढा पेटला. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’वरूनच आलेला. पण तो पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात झिजला होता, पाठीवर सोसला होता. त्याचा अर्थ इंग्रजीत सांगावा लागला नाही. म्हणून त्याविरुद्ध माणसं उभी राहिली.

तेव्हा मागणी साधी आहे. नोटीस ग्रामसभेत वारलीतून वाचा, विचारलेल्या प्रश्नांना त्याच भाषेत उत्तरं द्या. आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा कागदाचा फोटो आला, तर खाली नुसतं ‘लँड ॲक्विझिशन’ टाकून मोकळे होऊ नका. लिहा: ‘सरकार तुमची जमीन घेणार आहे. हरकत घ्यायची असेल तर या तारखेच्या आत घ्या.’