लॉगिन म्हणजे कुलूप नव्हे!

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ झेपेना आणि नव्याला पैसे नाहीत, म्हणून आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी लिनक्स टाकलं. मीसुद्धा. ‘लिनक्स म्हणजे सेफ’ एवढंच ऐकून.

पुढे स्क्रीन गेली. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, पण पासवर्ड सांगायचा राहिला. फोन केला तर दुकानातले दादा म्हणाले, “गरजच नाही पडली, ताई.” नवी स्क्रीन तपासायला त्यांनी पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं होतं. त्यातून माझं आधार, मार्कशीट, बाबांचं बँक स्टेटमेंट सगळं उघडता येत होतं. त्यांनी काही पाहिलं नसावं. पण पाहायचं असतं तर?

आपला घोळ इथेच होतो. लॉगिनचा पासवर्ड किंवा फोल्डरच्या परमिशन हे नियम त्या चालू सिस्टिमपुरतेच. डिस्क दुसऱ्या सिस्टिममधून उघडली की त्यांना कोण विचारतंय! फाइल खरंच बंद करायची तर ती एन्क्रिप्ट करावी लागते.

वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यावर चर्चा भरपूर झाली, पण ती कंपन्यांच्या जबाबदारीची. आपण घरगुती कामासाठी साठवलेला डेटा त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. तुमच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरचं तुम्हीच बघायचं.

सगळ्यात चांगली वेळ इन्स्टॉल करतानाची. तिथे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो, त्यामागच्या तंत्राचं नाव लक्स. मी घाईत ‘नेक्स्ट’ दाबलं होतं! तुमचंही तसंच झालं असेल तर एकेका फाइलसाठी जीपीजी वापरा. टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत जीपीजी, स्पेस, डॅश सी, स्पेस आणि फाइलचं नाव. पासवर्ड दिला की कुलूपबंद प्रत तयार. गंमत म्हणजे मूळ फाइल तिथेच उघडी राहते, ती आपणच उडवायची, ट्रॅशमधूनसुद्धा. अख्ख्या फोल्डरला सेव्हन-झिप सोपं, पण फाइलची नावं लपवायचा पर्यायही निवडा. नाहीतर ‘बाबा पॅन कार्ड’ हे बाहेरूनच वाचता येतं.

आणि इथे ‘फरगॉट पासवर्ड’ नसतो. विसरलात तर फाइल गेलीच. माझा पासवर्ड एका कागदावर लिहून आईच्या कपाटात, साड्यांखाली ठेवलाय.