रॅम वाढत नाही, मग तसं डब्यावर छापा की!

पुतणीचा लॅपटॉप दोन वर्षांतच गोगलगाय झाला. म्हटलं, ८ जीबीची रॅम १६ करू. बीडला सुभाष रोडवर ओळखीच्या पोराकडे नेला. त्यानं खालचे रबरी पाय सोलले, त्याखाली लपवलेले स्क्रू काढले, जुनं एटीएम कार्ड फिरवून झाकण उचकटलं. आत रॅमला स्लॉटच नाही! चिपा थेट बोर्डाला डाग दिलेल्या. "दादा, एसएसडी अन् बॅटरी बदलंल, रॅम नाही वाढत ह्याची. घेतानाच १६ चा घ्यायचा ना."

घेताना सांगितलं कुणी? दुकानदार तर पातळपणा अन् रंग दाखवत होता.

कंपन्या म्हणतात, डाग दिलेली रॅम जागा कमी घेते, बॅटरी कमी खाते. खरंय, मान्य. पण मग हे डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला काय जातं? केंद्रानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'ची समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, साहेब.

आमच्याकडं आई-बाप उचल घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, तेव्हा पोरीच्या हातात लॅपटॉप येतो. तो दर दोन वर्षांनी नवा कुठून आणायचा?

घेणाऱ्यांनो, दुकानात आधी विचारा: रॅमचा स्लॉट आहे का? नुसतं 'ऑनबोर्ड' लिहिलंय अन् स्लॉट नाही, तर १६ चाच घ्या. दुकानदार "बघावं लागंल" म्हणाला, तर मॉडेल नंबर टाकून यूट्यूबवर झाकण उघडलेलं बघा, मगच पैसे काढा.