जागा निघाल्याची खबर

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रात बोनसची बोलणी सुरू होतात. कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवून दिले आहेत. त्यावर किती, यासाठी युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात रस्सीखेच चालते. पण बोनस कितीही ठरो, तो मिळायला हजेरीपटावर नाव लागते. पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा, बाळंतपणात नोकरी सुटलेली आणि आता पुन्हा काम शोधणारी बाई, कंत्राट संपताच गेटबाहेर काढलेला कामगार यांचे नाव कुठल्याच पटावर नसते.

सरकारी आधाराच्या यादीतही ते क्वचितच सापडते. कामगार राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. तिच्यातून नोकरी गेलेल्याला जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत मिळते, तीही आधी विम्याचे हप्ते भरलेले असतील तरच. ज्याला पहिलीच नोकरी मिळालेली नाही, त्याचा तिथे प्रश्नच येत नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि काम मागूनही न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद केली. देशाने पुढे तिचा कित्ता गिरवला. मात्र ही हमी खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामाची होती. बी.कॉम. झालेल्या तरुणाच्या हाती उरते ती कुठे जागा निघाली याची खबर आणि अर्ज करण्याची संधी. म्हणून ही खबर सर्वांना, वेळेवर आणि फुकट मिळणे याला मोल आहे.

कायद्याला हे फार पूर्वीच उमगले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली यंत्रणा पुढे सर्वांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज झाली. रिक्त जागा या कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा १९५९चा कायदा अंमलात आला तो १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापना त्याच्या कक्षेत होत्या. पण कळवले नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? फार तर ५०० रुपये. शिवाय माणूस एक्स्चेंजच्या यादीतूनच घ्यावा, असे बंधन नव्हते. एक्स्चेंजचे कार्ड दर काही वर्षांनी नूतनीकरण करत ‘कॉल’ची वाट पाहणाऱ्यांची पिढी याच कायद्याखाली वयाची मर्यादा ओलांडून गेली.

न्यायालयाने दार थोडे अधिक उघडले. सरकारी भरतीसाठी एक्स्चेंजकडून नावे मागवावीतच, शिवाय वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, कार्यालयाच्या फलकावर लावावी, आकाशवाणी-दूरदर्शनवरूनही कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. २००६ च्या उमादेवी खटल्यात तर मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्याचा हक्कच नाकारला. शासनाला मात्र पळवाटेचा मोह सुटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला.

जाहिरात निघाली तरी पुढे शुल्क आहेच.

२०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या गटासाठी शुल्क होते १,००० रुपये, राखीव गटासाठी ९००. परत काहीच नाही. दिल्लीच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे कलेक्टर निवडणाऱ्या, पूर्वपरीक्षेला १०० रुपये पडतात आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांना तेही माफ असतात. रेल्वेने २०१८ च्या भरतीत परीक्षेला हजर राहणाऱ्या सर्वसाधारण उमेदवाराचे ५०० पैकी ४०० रुपये परत केले. दिल्लीला जमते ते मुंबईला का जमू नये? स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिका यांचे गणित जुळवणाऱ्या मुलाला वर्षात चार फॉर्म भरायचे तर चार हजार आणायचे कुठून? त्यात आरोग्य विभागाची परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, ऑक्टोबरमध्ये गट ‘ड’चा पेपरच फुटला. गाडीभाडे खर्चून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर निघालेल्यांना त्याची भरपाई कोण देणार होते?

खासगी क्षेत्रात शुल्क नाही, तिथे ओळख लागते. पुष्कळ जागा जाहीर न होताच भरतात. कर्मचाऱ्याचा भाचा, साहेबांच्या गावचा, आधीच्या कंपनीतला. यात कुणाचा दुष्टावा असतोच असे नाही, पण ज्याच्या घरात पगारदार माणूस नाही, त्याला ही वाट बंदच असते. राज्याचे ‘महास्वयं’ आणि केंद्राचे २०१५ पासूनचे नॅशनल करिअर सर्व्हिस ही पोर्टले आहेत, पण जागा तिथे नोंदवल्याच नाहीत तर उमेदवाराने रोज लॉगिन करून काय पाहायचे?

यासाठी नवा आयोग नको. १९५९चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. जागा कळवण्याच्या त्या कलमाची तपासणी खरोखर व्हावी. बेरोजगाराकडून शुल्क घेऊ नये, घेतलेच तर परीक्षेला बसणाऱ्याला परत द्यावे. केंद्र त्याच्याच जिल्ह्यात असावे. वर्षभरातल्या भरतीचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि पाळले जावे. सरकारी कामासाठी माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदारालाही जाहिरात बंधनकारक असावी.

दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांत दुकान, दवाखाना, शाळा, छापखाना, लहानमोठा कारखाना चालवणारे पुष्कळ असतात. येत्या वर्षी त्यांच्याकडे एखादी जागा निघाली, तर ओळखीत विचारण्याआधी त्यांनी ती जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयाला कळवावी, ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर लावावी आणि आलेला प्रत्येक अर्ज वाचावा, एवढी विनंती.