चाकं काढलेलं घर

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत माणसाला फार सुचतं. हातात कागदी ताटली, पुढे पंचवीस माणसं, मसालेभाताचा वास येतोय आणि भात काही येत नाही. अशा वेळी बोलायला विषय तीनच. मुलांची कॉलेजं, स्वतःचे गुडघे आणि पैसे कुठे गुंतवावेत. २०२३ च्या गणपतीत आमच्यामागे उभ्या असलेल्या एका स्नेह्यांनी तिसरा विषय काढला. "चाळीस हजारांच्या आत घर. महिना साडेअकराशे भाडं. बाकीचं गणित तुम्हीच करा, इंजिनियर ना तुम्ही?"

भात वाढला जाईपर्यंत आम्ही तोंडी गणित केलं आणि जिलबीपर्यंत आमची खात्री पटली होती.

खात्री पटायला आणखीही एक कारण होतं. त्याच वर्षी पुण्याची जागा विकून आमच्या वाट्याचे पंचेचाळीस हजार डॉलर आले होते. ती जागा म्हणजे आमच्या आजोबांनी भाड्याने घेतलेल्या वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बदल्यात बिल्डरने दिलेला फ्लॅट. आई गेल्यावर तिथे राहणारं कोणी उरलं नाही. तर हे पैसे म्हणजे आमच्या लेखी आईचे पैसे. ते शेअरबाजारात टाकायला हात धजेना, बँकेत ठेवून विसरायलाही मन होईना. घराचे पैसे घरातच जावेत, असं आमचं आपलं एक खुळं तत्त्वज्ञान. सौ. म्हणाली, "अहो, आधी घर बघू या तरी." आम्ही म्हटलं, बघायचं काय त्यात, एक्सेलमध्ये सगळं दिसतंय.

एक्सेलमध्ये दिसत होतं ते असं. किंमत ३८,५०० डॉलर. भाडं वर्षाला १३,८००. घराखालची जमीन पार्कच्या मालकाची, तिचं भाडं महिना ४२५, म्हणजे वर्षाला ५,१००. उरले ८,७००. साडेबावीस टक्के! आम्ही ही शीट रंगीत करून सौ.ला दाखवली. तिने विचारलं, "घर गळत असेल तर तो कुठला रकाना?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण ज्याला 'ट्रेलर' म्हणून नाक मुरडतो ते, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम. कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधतात, चाकं लावून ट्रकने ओढत आणतात आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवतात. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे हडचे नियम लागू झाले. त्याच्या आधीचं ते मोबाइल होम. त्या वयाच्या घराच्या वाटेला भाडेकरू ठेवण्यासाठी जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांतल्या काहींत तर अॅल्युमिनियमच्या तारांचं वायरिंग आहे. नंतरच्या घरांवर बाहेरून, प्रत्येक भागाला, एक लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर घर कुठल्या वाऱ्यासाठी, छतावरच्या किती वजनासाठी आणि कुठल्या थंडीसाठी बांधलं, हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे मुलीची पत्रिका बघतात तसा हा कागद बघावा. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने फ्लोरिडात अशी घरं पत्त्यांसारखी उधळली, तेव्हा १९९४ साली हडने समुद्रकाठच्या भागांसाठी वाऱ्याचे नियम कडक केले. म्हणून किनाऱ्याकडे घर घेणाऱ्याने १९९४ हा आकडा लक्षात ठेवावा. आमचं घर १९९३ चं, पण रालीपासून चाळीस मिनिटांवर, जॉन्स्टन काउंटीत, समुद्रापासून लांब.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघं गेलो. खिशात टॉर्च, टेप आणि मुलाची काचेची गोटी. गोटीचं सौ.ला हसू आलं. पण अशा घरात हिच्याइतकं खरं बोलणारं कोणी नसतं. आम्ही ती हॉलच्या मधोमध ठेवली. ती क्षणभर थांबली, मग विचार केल्यासारखी निघाली आणि थेट न्हाणीघराच्या दाराशी जाऊन थांबली. म्हणजे त्या बाजूचे ठोकळे खचले होते. न्हाणीघरात पाय ठेवला तर जमीन स्पंजासारखी. या काळातल्या पुष्कळ घरांत जमिनीला भुशाची दाबलेली फळी वापरलेली असते. तिला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा कधी पूर्ववत होत नाही.

मग आम्ही बाहेर येऊन स्कर्टिंगची एक पाटी काढली आणि पोटावर सरपटत घराखाली शिरलो. पन्नाशीकडे झुकलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने हे करू नये, पण करावं लागतं, कारण अशा घराची सगळी गुपितं खाली असतात. पोटाखालचं काळं कापड दोन ठिकाणी फाटून गुलाबी इन्सुलेशन लोंबत होतं. घर जमिनीला जखडणाऱ्या पोलादी पट्ट्यांपैकी एक इतकी सैल, की बोटाने हलावी. आणि नळ! टॉर्चच्या उजेडात करड्या रंगाचा प्लास्टिकचा पाइप, त्यावर अक्षरं 'पीबी २११०'. हे पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत लाखो घरांत हे पाइप घातले गेले. पाण्यातल्या क्लोरिनने ते आतून ठिसूळ होतात आणि एखाद्या दिवशी काही न सांगता फुटतात. १९९५ साली त्यावरून मोठा सामुदायिक दावा मिटवला गेला, पण त्या भरपाईची मुदत कधीच संपली. आता पाइप बदलायचे ते आपल्याच खिशातून.

वर आलो तेव्हा सौ. आणि घराच्या मालकीणबाई स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. घर नवं असताना नवऱ्याबरोबर इथे आल्या, नवरा गेल्यालाही बारा वर्षं झालेली. १९९६ च्या फ्रॅन वादळात शेजारच्या घरावर पाइनचं झाड पडलं, यांच्या घराचा पत्राही हलला नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. खिडक्यांना हाताने विणलेले पडदे, ओट्यावर एक डाग नाही. विकताय का, असं आम्ही विचारलं, आणि विचारायला नको होतं असं लगेच वाटलं.

पार्क २०२१ साली एका कंपनीने विकत घेतलं. तेव्हा जागेचं भाडं २६५ होतं. आधी ३४० झालं, मग ४२५. बाईंचं उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीचा चेक. घर त्यांचं, कर्ज एक पैशाचं नाही, पण घर उचलून दुसरीकडे न्यायचं तर काही हजार डॉलरचा खर्च, आणि तीस वर्षांचं घर बहुतेक पार्क आत घेत नाहीत. मोबाइल होम म्हणायचं, पण एकदा बसलं की ते हलत नाही, हीच तर मेख आहे. मुलगी टेनेसीत आहे, तिच्याकडे जाणार, म्हणाल्या.

गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. वाड्यात आजोबांचं भाडं महिना अठरा रुपये होतं. १९४७ च्या भाडे कायद्याने ते १९४० च्या पातळीवर जे गोठवलं, ते आमच्या वडिलांच्या काळातही जवळजवळ तिथेच. मालक बिचारे दर पावसाळ्यात कौलांकडे आणि मग आमच्याकडे बघायचे. आम्हाला ना घर सोडावं लागलं, ना वाड्याच्या दुरुस्तीला पैसे द्यावे लागले, वर शेवटी फ्लॅटही मिळाला. मालकीचा एक चौरस फूट नसताना तीन पिढ्या निर्धास्त. आणि इथे या बाई, घराच्या पूर्ण मालक, पण ७५ डॉलर वाढले की झोप उडते. नॉर्थ कॅरोलायनात भाडेनियंत्रण आणायला गावांना आणि काउंट्यांना राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे. महिन्याच्या करारावर असलेल्या जागेसाठी साठ दिवसांची सूचना दिली की झालं. वाड्याचा मालकही बरोबर नव्हता वागवला गेला, हे कबूल. पण आम्ही ज्या पैशांनी हे घर घ्यायला निघालो होतो, ते त्या अठरा रुपयांतूनच आले होते, हे मनातून जाईना.

असो. घरी येऊन नवी शीट केली, या वेळी काळी-पांढरी. वर्षातला एक महिना घर रिकामं धरलं, कारण भाडेकरू बदलतातच, आले १२,६५०. त्यातून जागेचे ५,१०० गेले, आणि घर रिकामं असलं तरी ते जातातच. विमा ९००, काउंटीचा कर ३००, किरकोळ दुरुस्ती १,५००. देखरेख करणाऱ्याला दहा टक्के, १,२६५. आणि ही रक्कम 'आपणच बघू की' म्हणून सोडू नका, रात्री दोनला गीझर फुटल्याचा फोन एकदा घेऊन बघा. छत, हीटर, जमीन यांसाठी दरवर्षी बाजूला १,२००. उरले २,३८५. आता खाली सरपटून जे पाहिलं त्याचा, म्हणजे पाइप, न्हाणीघराची जमीन, ठोकळे आणि पट्ट्या यांचा अंदाज ६,५००. तो किमतीत मिळवला की बरोब्बर ४५,००० होतात. आईचे पैसे पैन् पै खर्च, आणि परतावा ५.३ टक्के.

त्या ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलावर त्याहून थोडं जास्तच मिळत होतं. ट्रेझरी बिलाखाली सरपटावं लागत नाही.

शिवाय पार्कच्या कंपनीने आणखी पन्नास डॉलर वाढवले, आणि का वाढवू नयेत, तर ५.३ चे ४ होतात. ही वाढ आपण भाडेकरूवर ढकलणार, म्हणजे कंपनी आमच्यामार्फत त्याला पिळणार आणि शिव्या आम्ही खाणार. आणि जमिनीशिवायचं घर गाडीसारखं असतं. कागदपत्रही गाडीचंच: आमच्या राज्यात त्याचं टायटल डीएमव्ही देतं. गाडीसारखीच त्याची किंमत सहसा वर्षागणिक उतरते. आपल्या घरांच्या किमती चढल्या त्या मुख्यतः खालच्या जमिनीमुळे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

शेवटचा घाव पार्कच्या नियमावलीने घातला. आम्ही ऑफिसात मागून घेतली. एकोणीस पानं. चौदाव्या पानावर साधं वाक्य: घरमालकाने स्वतः राहिलं पाहिजे, घर भाड्याने देता येणार नाही. संपलं! बावीस टक्के, पाच टक्के, सगळं त्या एका ओळीत वाहून गेलं. पुष्कळ पार्कांत हा नियम असतो. तेव्हा मंडळी, आधी नियमावली मागा, मग कराराची प्रत, मग गोटी. आम्ही नेमका उलटा क्रम धरला.

मध्यंतरी स्वतःच्या जमिनीवरचं एक घरही पाहिलं, २००१ चं दुपदरी. अशा घराची चाकं, आस आणि ओढायची दांडी काढून ते पक्क्या पायावर बसवलं, की प्रतिज्ञापत्र करून गाडीचं टायटल रद्द करता येतं आणि घर कायद्याने स्थावर होतं. मग बँक रीतसर गृहकर्जाचं बोलते. भाड्याच्या घराचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत वजा मिळतो, जमिनीचा नाही. पण कागदावरचा तोटा पगारातून वजा करण्याची पंचवीस हजारांची सवलत एक लाख उत्पन्नापासून कमी होत दीड लाखाला संपते. दोघांच्या नोकऱ्या असलेल्या आपल्या बहुतेक घरांनी त्या भरवशावर राहू नये, तो तोटा पुढे ओढत न्यावा लागतो. त्या घराची जाहिरात चार बेडरूमची आणि सेप्टिक टाकीचा परवाना तीनचा. हे विचारेपर्यंत एक रोखवाला येऊन घर घेऊन गेला.

राहिल्या मालकीणबाई. नियमावलीतली ओळ त्यांनाही माहीत नव्हती. त्यांचं पान जुन्या मालकाच्या काळातलं. आमच्यासारखे गुंतवणूकवाले येत होते आणि दोन दिवसांनी फोन उचलेनासे होत होते, ते का, हे त्यांना कळत नव्हतं. सौ.ने फोन करून सांगितलं. पाइपांचंही सांगितलं. आम्ही खुणा करत होतो की अगं, पाइपांचं कशाला, त्यांचीच किंमत उतरेल. तिने आमच्याकडे पाठ फिरवली. मग जाहिरात तिनेच नव्याने टाइप करून दिली, "स्वतः राहणाऱ्यांसाठी" असं वर ठळक अक्षरात, पाइप आणि न्हाणीघर खाली स्पष्ट लिहून, आणि किंमत एकतीस हजार.

नोव्हेंबरात एका तरुण जोडप्याने घेतलं. नवरा प्लंबर आहे.